पायांची आग कुणाच्या खात्यावर?

माझा एक जुना सहकारी परवा घरी आला. चपला दारात काढल्या आणि आधी दोन्ही तळपाय थंड फरशीवर टेकवून मगच बोलू लागला. पायांची आग होते, रात्री चादरीचा स्पर्श सोसत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. त्याला एचआयव्ही आहे. हे मला ठाऊक आहे. मधुमेहाची औषधं देणाऱ्या डॉक्टरला नाही. ‘त्या रोगाचंच असणार. विचारायचं काय त्यात?’ एवढं बोलून तो गप्प झाला.

बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नसे, ती आम्ही ‘सस्पेन्स’ खात्यात टाकीत असू. पण कधीतरी एकेका नोंदीचा माग काढून ते खातं निकालात काढावंच लागे. एचआयव्ही असलेल्या माणसाची प्रत्येक तक्रार मात्र आपण त्या एकाच खात्यावर टाकतो आणि वही मिटतो.

एचआयव्हीने नसांना इजा होते, हे खरंच. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात बोटांपासून, दोन्ही पायांत सारखी. पण नसा दुखावणारे इतरही आहेत. आपल्याकडे १ एप्रिल २००४ला सरकारी मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा स्टाव्हुडिन हे स्वस्त औषध सर्रास दिलं जाई. त्याने अनेकांना जगवलं. पण पेशींतल्या ऊर्जानिर्मितीवर घाला घालून पायांच्या नसाही बिघडवल्या. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मागे घ्यायला सांगितलं. औषध थांबलं तरी काहींची आग राहिली. माझ्या मित्राने ते काही वर्षं घेतलं होतं.

शिवाय क्षयासाठीचं आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ कमी करतं, म्हणून त्यासोबत पायरिडॉक्सिनची गोळी देतात. ती किरकोळ समजून टाळणारे मी पाहिले आहेत. मधुमेह आहेच, मद्य आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ घटू शकतं. त्यात माणूस शाकाहारी असला तर पाहायलाच नको. चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाचा विचार हवा. आणि पायांतली ताकदच अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. यातल्या बऱ्याच कारणांवर इलाज आहे. मात्र आपल्या मनाने गोळ्या बंद करणं हा इलाज नव्हे.

मग विचारत का नाहीत? माझ्या मित्राला एका दवाखान्यात निदान कळताच रांगेच्या शेवटी, वेगळ्या बाकावर बसवलं होतं. तेव्हापासून तो एका डॉक्टरला दुसऱ्याचं सांगत नाही. भेदभावाला मनाई करणारा कायदा २०१७मध्ये झाला, पण ते बाक त्याच्या मनातून हललेलं नाही. दोष मी त्याला देणार नाही. डॉक्टरांनी विश्वास कमवायला हवा आणि घरच्यांनी तळपाय निरखायला हवेत. न कळणारी जखम चिघळते.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या औषधांची यादी एका कागदावर उतरवली. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. डोल्यूटेग्राविर आणि मेटफॉर्मिन एकत्र चालू असेल तर मेटफॉर्मिनच्या मात्रेकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि इथे तर दोघांनाही परस्परांचा पत्ता नव्हता. मंगळवारी तो कागद घेऊन एआरटी केंद्रात जायचं ठरलं आहे. मीही सोबत जाईन. रांग मोठी असते म्हणे. वेळ आहे माझ्याकडे.