विश्लेषण : उसाच्या राज्यात रम मुरत का नाही?

टेंभुर्णी (जि. जालना) : राज्य मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले आणि टेंभुर्णीपासून मुंबईपर्यंत रमची क्वार्टर महागली. त्याच बाजारात बारा-बारा वर्षे मुरलेल्या, कितीतरी पट महाग 'क्राफ्ट' रमची चर्चा आहे. ऊस आपला, मळी आपली. मग अशी रम महाराष्ट्रात का मुरत नाही?

नेमका निर्णय काय?

भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली. मात्र ही वाढ प्रति लिटर २६० रुपयांपर्यंत निर्मिती मूल्य जाहीर करणाऱ्या मद्यालाच आहे. म्हणजे चटका बसला तो स्वस्त रमला. 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा प्रकार १४८ रुपयांपासून आला खरा, पण तो धान्यापासूनच बनवायचा आहे. मळीच्या रमला त्यात जागा नाही. ऊस पिकवणाऱ्या राज्याने सवलत ज्वारी-मक्याला द्यावी, ही गंमतच.

मुरलेली रम एवढी महाग कशी?

कारण ती उडून जाते. ओकच्या पिंपात ठेवलेले मद्य दरवर्षी थोडे वाफ होते. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण सुमारे २ टक्के. बंगळुरूच्या 'अमृत'मध्ये १० ते १२ टक्के. वर्षाला १० टक्के घट धरली, तर १०० लिटरमधले बारा वर्षांनी जेमतेम २८ लिटर उरते. २ टक्के धरली तर ७८. मे महिन्यात पारा चाळिशीपार नेणाऱ्या जालन्यात घट याहून जास्त होणार. उष्णतेचा फायदाही आहे: लाकडाचा रंग, व्हॅनिलासारखा वास लवकर उतरतो. हरियाणातील पिकाडिली कंपनीची 'कामिकारा' २०२२ मध्ये आली ती अशीच. मळीऐवजी उसाच्या रसाची, १२ वर्षे मुरलेली, ५० टक्के अल्कोहोलची. नेहमीच्या रममध्ये ते ४२.८ टक्के असते.

कारखान्याला बारा वर्षे थांबणे परवडत नाही. अंकुशनगरचा 'समर्थ' असो वा कोल्हापूरकडचे मोठे कारखाने, उसाचे पैसे त्याच हंगामात द्यावे लागतात. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाच्या धोरणामुळे इथेनॉलला हमखास गिऱ्हाईक आहे. भाव व नियम सरकारच्या हाती असले तरी (डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आले होते) पैसा लवकर मोकळा होतो. पिंपात तो अडकून पडतो, वर दरवर्षी घटतो.

मग ती प्यायची कशी?

कोलात मिसळून नक्कीच नाही; एवढ्या वर्षांचा वास साखरेखाली गाडला जातो. ३० मिली छोट्या ग्लासात, बर्फाशिवाय. ५० टक्क्यांची असेल तर चार थेंब पाणी. जळजळ कमी होऊन वास मोकळा होतो. कॉकटेल करायचेच तर ६० मिली रम, २० मिली लिंबूरस, १५ मिली गुळाचा पाक, भरपूर बर्फ घालून घुसळून. जालन्याची मोसंबी चालेल, पण तिच्यात आंबटपणा कमी असल्याने लिंबू सोडता येत नाही.

जेवणात मात्र एक घोटाळा होतो. काळ्या मसाल्याचे मटण आणि ठेचा समोर आला की हात ग्लासाकडे जातो. पण अल्कोहोलमुळे तोंडाची आग वाढते, रमची चव हरवते. भाजलेले शेंगदाणे, सुके मटण, नाहीतर जेवणानंतर तूप सोडलेली पुरणपोळी तिला मानवते. गुळाचा आणि रमचा गोत एकच.

राज्यात २५ वर्षांखालील व्यक्तीला असे मद्य विकता येत नाही आणि पिणाऱ्याकडे परवाना लागतो, मग बाटली क्वार्टरची असो वा बारा वर्षांची.