भुशीचं पाणी, वरोऱ्याचा कोळसा

पावसाने जोर धरला की भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी उतरू लागतं आणि भाजलेलं कणीस हातात धरून त्यात बसायला अर्धी मुंबई लोणावळ्यात येते. हे धरण रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांची तहान भागवण्यासाठी, हे त्या गर्दीत कुणाच्या डोक्यात असेलसं वाटत नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटरची चढण, अवघड जागी ३७ फुटांना एक फूट चढ. हा घाट चढताना इंजिन पाणीही भरपूर पिणार आणि कोळसाही भरपूर खाणार. पाण्याची सोय त्याच दशकाच्या अखेरीस भुशीला झाली. कोळशाची मात्र सह्याद्रीत कुठेच होण्यासारखी नव्हती.

इथला दगड लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भारतातला बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे त्याच्याही कितीतरी आधीचा, पंचवीस कोटी वर्षांपलीकडचा. घाटाखालच्या जंगलात कातकऱ्यांच्या भट्ट्या धुमसत, पण तो लाकडाचा कोळसा. इंजिनाला लागणारा दगडी कोळसा त्या काळी जहाजांत भरून इंग्लंड-वेल्सहून मुंबई बंदरात उतरायचा. चांगल्या बॉयलरमध्ये एक किलो उत्तम कोळशावर सात-आठ किलो पाण्याची वाफ होते. हिशेब सोपा दिसतो, पण गोम आहे ती ‘उत्तम’ या शब्दात.

बाजारात आणि सरकारी कागदावर आपण कोळशाची ‘प्रत’ बघतो, म्हणजे राख किती, उष्णता किती. २०१२पासून तर जी-१ ते जी-१७ अशा उष्मांकाच्या पायऱ्याच ठरवून दिल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्याआधी वेगळंच विचारतो: हा कोळसा किती पिकला आहे? दलदलीत कुजलेल्या झाडोऱ्याचं आधी पीट होतं. ते गाडलं गेलं, दाबलं गेलं, खालच्या उष्णतेत मुरलं, की लिग्नाइट, मग सब-बिट्युमिनस, बिट्युमिनस आणि शेवटी अँथ्रासाइट. जितकं खोल तितकं पक्व, हा नियम कार्ल हिल्टने १८७३ साली मांडला. या प्रवासात पाणी आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, जळताना धूर करणारे वायुरूप घटक घटतात, कार्बन वाढत जातो. कोळशात राख कमी असूनही तो कच्चा असू शकतो आणि राखेने भरलेला कोळसा चांगला पिकलेला असू शकतो. प्रत आणि पक्वता यांची गल्लत आपल्याकडे शिकलेली माणसंही सर्रास करतात.

बरं, पिकण्याबरोबर सगळे गुण सरळ रेषेत वाढतात असंही नाही. घनता आधी उतरते, कार्बन शेकडा ८५-८७च्या आसपास पोहोचला की तळ गाठते आणि मग पुन्हा चढते. ठिसूळपणाचं उलटं आहे. मधल्या टप्प्यातला कोळसा सर्वांत सहज दळला जातो, त्याला बारीक उभ्या भेगा दाट असतात; अँथ्रासाइट पुन्हा दगडासारखा टणक.

मिथेनचं गणितही याच भट्टीत शिजतं. कोळसा पिकताना मिथेन तयार होतो. त्यातला मोठा भाग निसटून जातो, उरलेला कोळशाच्या अंगाला चिकटून बसतो. पाणी स्पंजमध्ये भरतं तसा तो भोकांत नुसता भरलेला नसतो. अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना त्याच्या रेणूंचा थर लागतो. याला अधिशोषण म्हणतात. एक ग्रॅम कोळशातल्या या भिंती पसरल्या तर शेकडो चौरस मीटर भरतील. दाब वाढवत नेला की वायू आधी झपाट्याने आणि मग हळूहळू चिकटतो. अर्व्हिंग लँगम्यूरने १९१८ साली दिलेली ही वक्ररेषा कोळशालाही लागू पडते. कच्च्या कोळशात छिद्रं मोठी, शिवाय मोक्याच्या जागा पाण्याने आधीच अडवलेल्या. मधल्या टप्प्यात तेलकट पदार्थ छिद्रं बुजवतात, म्हणून कोरड्या नमुन्यांवर मोजलं तर वायू धरण्याची ताकद तिथे घसरलेली दिसते. पुढे उष्णतेने तो पदार्थ फुटतो, सूक्ष्म छिद्रं मोकळी होतात आणि जास्त पक्व कोळसा भरपूर मिथेन धरून ठेवतो.

वेल्सचा वाफेचा कोळसा नेमका असा, भरपूर पिकलेला, कमी धुराचा, कडक उष्णतेचा. जगभरच्या बोटी आणि इंजिनं त्याच्यावर फिदा होती. तिथल्या खाणीत उतरणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली. १४ ऑक्टोबर १९१३ला सेंगेनिथच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मेले. आपल्याकडे राणीगंज पट्ट्यातली चिनाकुरीची खोल खाण १९५८च्या फेब्रुवारीत अशीच फुटली. बळींची संख्या पावणेदोनशेच्या घरात गेली. हवेत मिथेन शेकडा ५ ते १५ असला की ठिणगी पुरे.

आता आपल्या कोळशाकडे वळू. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला १८७१च्या सुमारास सरकारने खाण उघडली, पुढे तिथवर रेल्वेचा फाटा आला. (वरोरा म्हटलं की आज आनंदवन आठवतं, त्याच्या पाऊण शतक आधी हे गाव खाणीमुळे नकाशावर आलं होतं.) वर्धा खोऱ्यातला हा कोळसा कमी पिकलेला. त्याच्या अंगातच शेकडा पाच ते दहा पाणी, जे वाळवण्यातच आगीचा काही भाग खर्ची पडतो. आणि तो हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, आपोआप तापतो, पेटतो. वरोऱ्याच्या खाणीला या आगींनी छळलं आणि १९०६ साली ती बंद झाली.

बल्लारपूरहून आणलेला मुठीएवढा एक खडा माझ्या खिडकीत होता. आणला तेव्हा काळाभोर, एका अंगाने चकचकीत. पहिल्या उन्हाळ्यात त्याला केसासारख्या चिरा गेल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात उचलायला गेलो तर पापडासारखे पदर सुटून हातात आले. अंगातलं पाणी गेलं की कच्चा कोळसा असा फुटतो. फुटला की नवे पृष्ठभाग उघडे पडतात, तिथे हवा लागते आणि ढीग तापतो.

या कच्चेपणाने आपल्याला एक सवलत दिली आहे, तिची कुणी दखल घेत नाही: मिथेन कमी. खाणकायद्यात वायूच्या प्रमाणानुसार खाणींच्या तीन पायऱ्या आहेत. टनामागे एक घनमीटरपर्यंत मिथेन सुटला तर पहिली, दहापेक्षा जास्त सुटला तर तिसरी. वर्धा खोऱ्यातल्या बहुतेक भूमिगत खाणी पहिल्या पायरीवर आहेत. सेफ्टी लॅम्पच्या ज्योतीवर मिथेनची खूण असलेली निळी टोपी दिसतेय का, हे तिथला सरदारही (खाणीतला मुकादम) बघतो; पण त्याची खरी धास्ती गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीत, मागे राहिलेल्या, आतल्या आत तापणाऱ्या कोळशाची असते.

घाटातून कोळसा गेला तो १९२९-३०च्या विद्युतीकरणाने. लांब नाकांची ती विजेची इंजिनं, जुने रेल्वेवाले ज्यांना ‘खेकडा’ म्हणत, चढावर आली आणि भुशीच्या पाण्याचं मूळ काम संपत गेलं. पण खेकड्यांना लागणाऱ्या विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभारलं आणि तिथे जाळला तो कोळसाच. धूर घाटमाथ्यावरून खाडीकाठी उतरला, एवढाच फरक.

राणीगंज आणि सोहागपूरच्या थरांतून मिथेन काढून विकला जातो. विदर्भातही तसं व्हावं, अशी मागणी अधूनमधून उठते. थरातलं पाणी उपसून दाब उतरवायचा, म्हणजे वायू सुटतो, ही युक्ती खरी. पण चिकटलेला वायूच थोडा असेल तर उपसा पाण्याचाच होणार. विदर्भाच्या कोळशाकडून गॅसची आशा धरण्यापेक्षा साठवणीच्या ढिगांची आग आधी विझवलेली बरी. आणि हवामानाच्या हिशेबात खाणींचा मिथेन मांडताना झरियाच्या पिकलेल्या कोळशाचा टन आणि आपल्या वणीच्या कच्च्या कोळशाचा टन एकाच आकड्याने गुणू नये; प्रत्येक थराचा नमुना, त्याच्या अंगच्या पाण्यासकट, मोजून मगच तक्त्यात भरावा.