डॅम्प म्हणजे ओल नव्हे

डिक्शनरीत 'डॅम्प'समोर 'दमट, ओलसर' असं लिहिलेलं असतं. शाळेपासून मी तेच धरून चाललो होतो. इंग्लंडात भाड्याच्या घरात पहिला हिवाळा काढला आणि या भाषांतरावरचा विश्वास उडाला.

आपली ओल तशी गुणाची. पेरणीला जमिनीत ओल लागते, बोलण्यात ओलावा लागतो. पोहे सादळले तर कढईत परतायचे, विषय संपला. इंग्रजीत हे कौतुक 'मॉइस्ट'च्या वाट्याला. केक मॉइस्ट असतो. (एखाद्या बाईंच्या केकला डॅम्प म्हणून बघा, पुन्हा चहाला बोलावणार नाहीत!) हवा ह्युमिड. डॅम्प म्हणायचं ते भिंतीला, अंथरुणाला, नाहीतर न उडालेल्या फटाक्याला.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात पाण्याचा नव्हेच, वाफेचा आणि वायूचा. जर्मनमध्ये 'डाम्फ' म्हणजे आजही वाफ. कोळशाच्या खाणीत 'फायरडॅम्प' म्हणजे स्फोट घडवणारा मिथेन. त्याच्यापायी हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये आपला दिवा बनवला. 'ब्लॅकडॅम्प' गुदमरवून मारायचा. म्हणजे शब्द जन्मापासून जीवघेणा.

आमच्या बेडरूममध्ये कपाटामागे काळी बुरशी धरली. एजंटला कळवलं. तो आला, भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे डॅम्प नाही, कंडेन्सेशन आहे. तुम्ही कपडे घरात वाळत घालता, स्वयंपाकही बराच करता."

झालं! डॅम्प असेल तर दोष घराचा, कंडेन्सेशन असेल तर दोष तुमचा. एका शब्दात बिल कोणाच्या नावावर ते ठरलं. अहो, नोव्हेंबरात तिथे कपडे बाहेर वाळवायचे कुठे? आणि श्वास तर माणूस घेणारच ना? ती वाफ पाणी होऊन बसते थंड भिंतीवरच. भिंत थंड का, तर तिला इन्सुलेशन नाही, म्हणून. पण हे बोलायचं नाही. वरण-भाताला फोडणी देणारा भाडेकरू आरोपी म्हणून जास्त सोयीचा.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाचा विकार होऊन तो गेला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. त्यांना सांगितलं काय, तर वरून रंग मारा! इंग्लंडमधल्या हाउसिंग ऑम्बुड्समनने २०२१ मध्येच अहवालाच्या नावात लिहिलं होतं की हा 'लाइफस्टाइल'चा प्रश्न नाही. शेवटी २०२३ च्या कायद्यात अवाबच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून, सामाजिक गृहनिर्माणातल्या घरांपुरती का होईना, ती लागू झाली. धोकादायक डॅम्पची तक्रार आली की दहा कामकाजी दिवसांत तपासणी करायची, तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल.

असो. आमच्या तक्रारीचं पत्र मीच लिहिलं होतं. परवा जुन्या मेल्समध्ये सापडलं. सभ्यपणाच्या नादात मी लिहिलं होतं, 'भिंत थोडीशी मॉइस्ट वाटते.'