ऊसतोडीचा दर वाढला, पण वर्ष निघतं का?

बीड : जानेवारी 2024 मध्ये ऊसतोड मजुरीत 34 टक्के वाढ ठरली. टनाचा दर 273 रुपयांवरून 366 वर गेला. वाढ मोठी, यात वाद नाही. पण घर नुसत्या दरावर चालत नाही, कामाच्या दिवसांवर चालतं.

हिशोब सरळ आहे. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतात. दोघांचे मिळून 732 रुपये. 2024-25 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चपर्यंत बऱ्याच कारखान्यांचे पट्टे पडले. तोडीचे 100 दिवस धरले तर 73 हजार 200 रुपये होतात. वर्षावर पसरले तर घराला रोज 200. खाणारी पाच तोंडं असली तर माणशी 40 रुपये.

यातूनच उचल फेडायची. ती आधीच लग्नात, दवाखान्यात नाहीतर बी-बियाण्यात गेलेली असते. आजारी पडून खाडा झाला की त्याचे पैसे कापले जातात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. मग कोयता सोडायचा म्हटलं तरी सुटत नाही.

दराची घासाघीस पुन्हा होईलच. तेव्हा टनाच्या भावाबरोबर आणखी दोन गोष्टी लावून धरायला हव्यात : खाड्याची कपात बंद, आणि कारखाना बंद झाल्यावर गावातच काम. नाहीतर दर वाढेल, उचलही वाढेल, घर तिथंच राहील.