बोअर मारण्याआधी काळ्या दगडाचं ऐका. चाकण पट्ट्यात चुंबकीय मोजणीला जागा उरेना

चाकण : उन्हाळा लागला की खेड, मावळच्या वाड्या-वस्त्यांवर बोअरच्या गाड्या फिरू लागतात. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, शेतकरी पैसे मोजतो. कधी पाणी लागतं, कधी नुसता फुफाटा उडतो. खाली काय दडलंय याचा एक पुरावा मात्र त्या काळ्या पाषाणातच आहे. तो म्हणजे दगडाचं चुंबकत्व.

दगडात चुंबक आला कुठून?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला हा मुलूख तयार झाला. या दगडात मॅग्नेटाईट हे लोहखनिज असतं. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्यात कायमची बसली. १९५६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी खंडाळ्यासह काही ठिकाणच्या दगडांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यातून दिसलं की, लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होती आणि नंतर उत्तरेला सरकत आली. लोणावळा-खंडाळ्याच्या थरांत तर दिशा आजच्या उलट आहे. म्हणजे तेव्हा होकायंत्र असतं, तर त्याची सुई दक्षिणेकडे वळली असती.

शेतकऱ्याला उपयोग काय?

लाव्हाच्या आडव्या थरांना चिरत काही ठिकाणी दगडाच्या उभ्या भिंती गेलेल्या असतात. त्यांना डाईक म्हणतात. डाईकचं चुंबकत्व शेजारच्या दगडापेक्षा बहुधा वेगळं असतं, त्यामुळे ती मातीखाली झाकली असली तरी यंत्रावर कळू शकते. डाईक घट्ट असेल तर ती जमिनीखालच्या बांधासारखं पाणी अडवते. मग वरच्या अंगाची विहीर भरलेली आणि खालच्या अंगाची कोरडी. तीच भेगाळलेली असेल तर तिच्यातूनच पाणी वाहतं.

मात्र चुंबकीय मोजणी पाणी दाखवत नाही, खडकाची रचना दाखवते. तिच्या जोडीला विजेच्या साहाय्याने होणारी मोजणी आणि आसपासच्या विहिरींची पाहणी लागतेच. नुसतं यंत्र फिरवून 'इथं हमखास पाणी' असं कुणी सांगत असेल, तर खिशात हात घालण्याआधी विचार करावा.

खरी अडचण लोखंडाची

या मोजणीला लोखंड आणि वीज चालत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा हलवावी लागली आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी उभी राहिली. इकडे पिंपरी-चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत पत्र्याचे शेड, उच्चदाबाच्या तारा, पाईपलाईन आणि अवजड गाड्यांची रीघ. अशा ठिकाणी दगडाचा बारीक फरक या गोंगाटात हरवून जातो. कंपनी उभी राहिल्यावर तिथली मोजणी करणं जवळपास अशक्यच.

म्हणून जी गावं अजून मोकळी आहेत, तिथं प्लॉटिंग होण्याआधीच ही मोजणी व्हायला हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेचा ठराव करून गावाचा नकाशा मागावा आणि डाईक कुठून जाते हे चावडीवर लावावं. चार कोरड्या बोअरांवर गेलेल्या पैशापुढे एका मोजणीचा खर्च जड वाटू नये. शेड उभे राहिल्यावर ही संधी परत येणार नाही.