घर्षण नगण्य माना – पण कुठवर?

विद्यार्थी मित्रांनो, भौतिकीच्या उदाहरणांत 'घर्षण नगण्य माना' हे वाक्य तुम्ही अनेकदा वाचले असेल. मीही ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पण या सोयीपायी आपण घर्षणाची खरी ओळखच करून घेत नाही, असे माझे मत होत चालले आहे. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

२०१६ साली प्रवासी वाहतुकीत आलेल्या 'लीप' या विमान-एंजिनाच्या पंख्याला १८ पाती असतात. कार्बन-तंतूंची ही पाती चक्क मागावर विणतात! कापडाचे थर नुसते एकमेकांवर चिकटवले, तर पक्षी आदळल्यावर ते सुटे होण्याची भीती असते. म्हणून काही धागे जाडीच्या दिशेनेही गुंफतात. ही त्रिमितीय वीण मग साच्यात ठेवून तीत राळ भरतात आणि तापवून टणक करतात.

आता अडचण पाहा. कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा असतो. अशा हजारो तंतूंचा एक धागा होतो. तो ओढताना बळकट, पण मोठा ठिसूळ. दोन टक्क्यांच्या आसपास ताणला की तुटलाच. मागावर तो वहीच्या डोळ्यांतून व फणीच्या दातांतून जाताना, शेजारच्या धाग्यांशीही, पुन्हा पुन्हा घासतो. काही तंतू तुटून लव उठते. कार्बन विद्युतवाहक असल्याने उडालेली लव विजेच्या यंत्रणेत शिरून शॉर्ट सर्किट करू शकते. आणि जे तंतू मागावरच तुटले, त्यांचे पुरते बळ पात्याला कधीच मिळत नाही.

धागा दांड्यावरून वळला की त्याचा ताण बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.२५ असेल, तर अर्ध्या वेढ्यात ताण सुमारे २.२ पट आणि पूर्ण वेढ्यात जवळजवळ ५ पट होतो. खोटे वाटते? पेन्सिलीला दोरा गुंडाळा, एका टोकाला लहानसे वजन बांधा आणि दुसरे टोक ओढून वजन वर उचला. एकेक वेढा वाढवत गेलात, तर बोटांनाच उत्तर मिळेल.

यावर उपाय काय? इचलकरंजीत सुती ताण्याला खळ देतात, तसाच कार्बनच्या धाग्यालाही पातळ लेप देतात. फरक एवढाच की सुताची खळ पुढे धुऊन काढता येते. हा लेप मात्र आतच राहतो, म्हणून त्याचे राळेशीही जमावे लागते.

मग घर्षण पुरतेच नाहीसे केले तर? तर वीणच उसवेल! राळ भरेपर्यंत धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवते ते घर्षणच. थोडक्यात, घर्षण नको असे नव्हे. ते हवे तिथे, हवे तेवढेच हवे. त्यासाठी ते मोजता आले पाहिजे.

म्हणून शिक्षक मित्रांना विनंती, की 'घर्षण नगण्य' असलेले एक गणित सोडवून झाले, की तेच घर्षणासह एकदा करून घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, 'नगण्य माना' असे दिसले की विचारा : नगण्य का, आणि कुठवर? हा प्रश्न विचारणाऱ्यालाच पुढे मागावरचा धागा वाचवता येईल.