लोणारच्या गाळातली पैसेवारी



आर्णीच्या बैठकीला येणारा प्रत्येक जण पावसाचा हिशेब सोबत आणतो. मृगात किती पडला, खंड किती दिवसांचा होता, पऱ्हाटीची पाती केव्हा गळली. हा हिशेब एका हंगामाचा. सरकारची पैसेवारीही एकाच हंगामाची. आज आम्ही हजारो वर्षांचा हिशेब आपल्यापुढे ठेवत आहोत.

तो लोणारच्या सरोवरात आहे. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर म्हणजे उल्का आदळून काळ्या दगडात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. झरे आणि ओढे आत येतात, पण पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते नुसते आटते, म्हणून खारे आहे. तळाशी गाळाचे थर बसत गेले. जर्मन व भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे १० मीटर खोलीपर्यंतचा गाळ काढून तपासला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात सुमारे ११ हजार वर्षांच्या पावसाची नोंद सापडली.

गाळात पाऊस कसा दिसतो? पाऊस चांगला असला की ओढे माती, पालापाचोळा आणि त्यातले खत तळ्यात आणतात. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर बारीक जीव, त्यांच्यावर पाखरे. त्यांचा अंश तळाशी साठतो. पाऊस तुटला की पाणी आटते, खार वाढतो आणि खार सोसणारे जीवच उरतात. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते अशाच खारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने दाखवले. पावसाने खार उतरताच पाणी पुन्हा हिरवट झाले.

खार फारच वाढला तर गेल्युसाइट नावाच्या क्षाराचे खडे गाळात बनतात. त्यांच्यासह गाळातल्या खुणा दोन मोठे कोरडे काळ सांगतात. एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या काळात पाऊस पडलाच नाही असे नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या तो कमजोर राहिला. १८९९-१९०० चा किंवा १९७२ चा दुष्काळ आपण विसरलो नाही. हे काळ त्याहून कितीतरी लांब होते.

ऊनही तळ्याचे पीक मारते. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात वारा पाणी घुसळतो तेव्हा तळाचे खत वर येते, जशी नांगरट खालची माती वर आणते. पाणी तापल्याने ही घुसळण मंदावली. तिथले शेवाळाचे उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी घटले असावे, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मांडला. त्याचा फटका मासेमारांच्या पोटाला बसतो.

आता कोणी म्हणेल, दुष्काळ निसर्गाचाच आहे, मग सरकारला कशाला बोल लावता? आमचे उत्तर सरळ आहे. पाऊस कोणाच्या हाती नाही. पण या मुलखात लांब दुष्काळ पडतात हे ठाऊक असूनही दरवर्षी नव्याने आश्चर्य करायचे, पंचनामे करायचे आणि तुटपुंजी मदत वाटायची, हा दोष निसर्गाचा नाही.

तळ्याला खत मिळते ते वाहून आलेल्या मातीतून. आपल्या धरण-तलावांत साठलेला गाळ तर आपल्याच वावरांचा कस आहे. म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते. धुरे-बांधांची कामे आधी कोरडवाहू वावरांत व्हावीत. तलावातला गाळ उन्हाळ्यात लहान शेतकऱ्याच्या वावरात पोचावा, तो गाडीभाडे भरू शकणाऱ्यांच्याच वाट्याला जाऊ नये. आणि कमी पाण्यात माणसाला दाणा व बैलाला कडबा देणाऱ्या ज्वारीची हमीभावाने पूर्ण खरेदी व्हावी.

गावोगावी यावर बोला आणि ठराव लिहून आणा.